बेरीज आणि गुणाकाराचे गुणधर्म: आकडे कुठे हलवायचे आणि कुठे नाही

क्रमनिरपेक्ष, साहचर्य, वितरण, अविकारक. ही नावं शाळेत पाठ केली, ‘जोड्या लावा’मध्ये गुण पदरात पाडून घेतले आणि विषय तिथेच मिटला, असं आपल्यापैकी बहुतेकांचं झालेलं असतं. पुढे पोलीस भरतीची नाहीतर बँकेच्या परीक्षेची तयारी सुरू होते, किंवा घरातलं पोरगं चौथी-पाचवीत जातं आणि ‘हे असं का?’ विचारतं, तेव्हा ही मंडळी पुन्हा समोर उभी राहतात. हा लेख अशा लोकांसाठी आहे. गणित सुटून बरीच वर्षं झाली असतील तरी चालेल. पाढे थोडेफार आठवत असले म्हणजे झालं.

सगळ्या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: गुणधर्म म्हणजे आकडे हलवायची परवानगी. बेरीज आणि गुणाकार ही परवानगी सढळ हाताने देतात. वजाबाकी आणि भागाकार देत नाहीत, किंवा अटी घालून देतात. तोंडी हिशेब झटपट करणाऱ्यांना कुठली जादू येत नसते, ते ही परवानगी पुरेपूर वापरतात. आणि परीक्षेत हमखास चुकणारी उत्तरं बघितली तर त्यातली बरीचशी परवानगी नसताना आकडे हलवल्यामुळे चुकलेली असतात.

तयारी काही नाही. वही, पेन, आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर बंद. उदाहरण आलं की आधी स्वतः करा, मग पुढची ओळ वाचा. ठाण्याहून दादरला जाताना एखादी पायरी आरामात होते, बसायला मिळालं तर.

पायरी १: क्रम बदलून पाहा

६ + ८७ किती? सहाच्या पुढे सत्त्याऐंशी मोजत बसायचं, की सत्त्याऐंशीच्या पुढे सहा? कुणीही दुसरा रस्ता घेईल. ९३. इथे तुम्ही न सांगता ८७ + ६ केलंत. बेरजेत आकड्यांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही, हा क्रमनिरपेक्ष गुणधर्म. तोंडी बेरजेचा पहिला नियम यातूनच निघतो: मोठा आकडा आधी धरा, लहान त्यात मिळवा.

गुणाकारातही असंच चालतं, पण ते इतकं उघड नाही. सहा वेळा नऊ आणि नऊ वेळा सहा सारखेच का असावेत? मंडळाच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये खुर्च्या मांडल्यात असं समजा. स्टेजवरून पाहिलं तर ६ ओळी, प्रत्येक ओळीत ९ खुर्च्या. बाजूच्या दारातून पाहिलं तर ९ रांगा, प्रत्येक रांगेत ६. खुर्च्या कुणी हलवल्या नाहीत, नव्या आणल्या नाहीत, त्या ५४ च आहेत. मुलांना हे सांगताना वहीत ठिपके काढा आणि वही आडवी फिरवा. त्याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

याचा रोख फायदा पाढ्यांत होतो. १ ते १० चे पाढे म्हणजे १०० उत्तरं. उलटसुलट जोड्या एकदाच धरल्या की उरतात ५५. एकचा आणि दहाचा पाढा पाठ करायची गरज नसते, ते काढले की ३६. दोनचा आणि पाचचा बहुतेकांना येतोच. तेही काढले की फक्त २१. खरी मेहनत एवढ्या २१ गुणाकारांवर करायची आहे: ३, ४, ६, ७, ८, ९ यांच्या आपापसातल्या जोड्या. त्यातही अडतात ते ६×७, ६×८, ७×८, ७×९, ८×९ असे मोजकेच. ‘सात आठे छप्पन्न’ तोंडावर असलेलं पोरगं ‘आठ साते?’ विचारलं की आठच्या पाढ्याच्या सुरुवातीपासून चढत येतं. त्याला पाढा येत नाही असं नाही, दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

एक सावधगिरी. उत्तर सारखं म्हणजे गोष्ट सारखी नव्हे. डॉक्टरांनी दिवसातून तीन वेळा दोन-दोन गोळ्या लिहून दिल्या आणि तुम्ही दिवसातून दोन वेळा तीन-तीन घेतल्या, तर पाकिटातून रोज सहाच गोळ्या जातील, पण डॉक्टर तुम्हाला झापतील. गुणधर्म उत्तराची हमी देतो, बाकी कशाची नाही.

आता परवानगी कुठे नाही ते. ९ − ४ = ५, पण ४ − ९ म्हणजे −५. १२ ÷ ३ = ४, पण ३ ÷ १२ म्हणजे पाव. हे वाचून ‘हे तर कुणालाही कळतं’ असं वाटेल. मग उभ्या मांडणीत ५२ − २७ करणाऱ्या मुलाची वही बघा. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, तेव्हा ते बिनधास्त ७ मधून २ काढतं आणि खाली ५ लिहितं. दशकात पाचातून दोन गेले तीन. उत्तर ३५. खरं उत्तर २५. आपण म्हणतो ‘हातचा घ्यायला विसरला’. पण ते विसरलेलं नसतं. बेरजेत वरचा-खालचा आकडा उलटा घेतला तरी चालतं हे त्याला अंगवळणी पडलेलं असतं, तीच सवय ते इथे वापरतं. अशा मुलाला ‘हातचा घे’ असं दहादा सांगण्यापेक्षा, दोन रुपये खिशात असताना सात रुपयांची गोळी येईल का, एवढं एकदा विचारा.

पायरी २: जोड्या लावा

साहचर्य गुणधर्म म्हणजे तीन किंवा जास्त आकडे असतील तर आधी कुठले दोन एकत्र करायचे ते तुमच्या मर्जीवर. (१८ + ७) + ३ असो की १८ + (७ + ३), उत्तर २८. दुसऱ्यात डोक्याला ताण कमी.

दादर स्टेशनबाहेर भाजीच्या गल्लीत एखाद्या जुन्या मावशीचा हिशेब नीट ऐका. समजा तुम्ही घेतलेत: मेथी २५, कांदे ४०, आलं १५, बटाटे ६०, लिंबं १०, फ्लॉवर ३५. तुम्ही घेतलेल्या क्रमाने ती बेरीज करत नाही. ‘चाळीस साठ शंभर. पंचवीस पस्तीस साठ, एकशे साठ. पंधरा दहा पंचवीस. एकशे पंच्याऐंशी द्या.’ आणि पिशवीत भरतानाही ती त्याच क्रमाने उचलते: आधी कांदे-बटाटे, मग मेथी-फ्लॉवर, शेवटी आलं-लिंबं. जड माल तळाला जातो हा वरचा फायदा. आपण मोबाईल काढून पहिला आकडा टाकेपर्यंत तिने क्यूआर कोड पुढे केलेला असतो.

तिने दोन परवानग्या एकदम वापरल्या. आकड्यांची जागा बदलली (क्रमनिरपेक्ष) आणि सोयीच्या जोड्या केल्या (साहचर्य). व्यवहारात ही दोघं जवळजवळ नेहमी एकत्रच येतात, म्हणून त्यांच्यात गोंधळ होतो. पेपरात ओळखायचं असेल तर आकड्यांचा क्रम बघा: क्रम तोच राहून नुसते कंस सरकले तर साहचर्य, आकड्यांनीच जागा बदलली तर क्रमनिरपेक्ष.

सराव: ३७ + ४८ + ६३ + ५२. एककांकडे बघा. ७ आणि ३, ८ आणि २. म्हणजे १०० आणि १००, उत्तर २००. कुठल्याही लांबलचक बेरजेत आधी एककांवरून नजर फिरवायची आणि दहा पुरे करणाऱ्या जोड्या शोधायच्या, एवढी सवय लागली तरी वेग बराच वाढतो.

गुणाकारात तर यापेक्षा मोठी चैन आहे. २५ × १७ × ४ हे डावीकडून करत गेलात तर आधी ४२५, मग १७००. पण २५ आणि ४ आधी भेटले की १००, आणि १७ शेकडे तोंडावर. काही जोड्या पाठच असाव्यात: ५ × २ = १०, २५ × ४ = १००, ७५ × ४ = ३००, १२५ × ८ = १०००. यातला जोडीदार समोर दिसत नसेल तर दुसऱ्या आकड्यातून काढून घ्यायचा. ३६ × २५ मध्ये ३६ म्हणजे ९ × ४; चार पंचवीसला दिला, शंभर झाले, नऊ शिल्लक: ९००. १२५ × ४८ मध्ये ४८ म्हणजे ८ × ६, उत्तर ६०००. आणि १८ × ३५? अठराचं निम्मं ९, पस्तिसाची दुप्पट ७०, उत्तर ६३०. एकाचं निम्मं करून दुसऱ्याची दुप्पट करायची ही युक्ती भरतीच्या क्लासमध्ये ‘शॉर्टकट’ म्हणून विकली जाते. तो नुसता साहचर्य गुणधर्म आहे.

परवानगी नसलेली जागा: पुन्हा वजाबाकी आणि भागाकार. (२० − ८) − ३ = ९, पण २० − (८ − ३) = १५. (४८ ÷ ८) ÷ २ = ३, पण ४८ ÷ (८ ÷ २) = १२. पैशात बघा. ५०० ची नोट दिली, बिल १८० चं, वर ३० सूट. तुम्हाला परत यायला हवेत ५०० − (१८० − ३०) = ३५०. कंस काढताना आतलं चिन्ह बदललं नाही तर ५०० − १८० − ३० = २९०. साठ रुपये गेले. सूट तीसची असताना साठ का गेले? कारण सूट मिळायच्या ऐवजी तुमच्याकडून वसूल झाली, म्हणजे तिसाचा फटका दोनदा बसला. कंसाबाहेर उणे असेल तर आतली प्रत्येक खूण उलटते, हा नियम ज्यांच्या डोक्यात बसत नाही त्यांनी हे बिल लक्षात ठेवावं.

‘कंचेभागुबेव’ नावाचा सापळा

कंस, चे (‘६० चे निम्मे’ मधलं ‘चे’, म्हणजे गुणाकारच), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. एकाच ओळीत बरीच चिन्हं असली की आधी काय करायचं ते सांगणारं हे सूत्र चांगलं आहे, पण ते शब्दशः घेतलं की घात होतो. २० − ८ + ३ करा. ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर म्हणून कुणी आठ आणि तीन अकरा केले, विसातून अकरा गेले, नऊ. चूक. बरोबर उत्तर १५. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर बसतात. जो डावीकडून आधी येईल तो आधी. भागाकार-गुणाकाराचंही तसंच: २४ ÷ ६ × २ म्हणजे ४ × २ = ८; आधी गुणाकार करून २ काढलेत तर गुण गेला.

यातून सुटायचा पक्का मार्ग म्हणजे वजाबाकीला वजाबाकी म्हणूच नका. ‘आठ वजा’ म्हणजे ‘उणे आठ मिळवले’. आकड्याच्या आधीचं चिन्ह त्याचंच आहे, तो जिथे जाईल तिथे चिन्ह सोबत नेईल. एवढं मानलं की सगळी पदावली बेरीज होते आणि बेरजेची सगळी मोकळीक परत मिळते. ३४० − १७५ + ६० − २५ बघा. ३४० जवळ ६० आणले: ४००. उणे १७५ आणि उणे २५: उणे २००. उत्तर २००. महिन्याचा जमाखर्च जुळवताना जमेचे आकडे एका बाजूला आणि खर्चाचे एका बाजूला घेतो, ते हेच.

पायरी ३: फोडा आणि वाटा

आता मुख्य गोष्ट. आतापर्यंतचे दोन गुणधर्म बेरीज आणि गुणाकार दोघांना वेगवेगळे लागू होते. वितरण गुणधर्म या दोघांना एकमेकांशी जोडतो, आणि माझ्या मते शाळेच्या गणितातलं निम्मं बळ या एकात आहे.

दादरच्या छबिलदास गल्लीत वडापावच्या गाडीपाशी पाच जण उभे आहेत. प्रत्येकाला एक वडापाव आणि एक कटिंग. हिशेबापुरतं धरू की वडापाव २० आणि चहा १२. दोन रस्ते आहेत. एका माणसाचे ३२, पाच जणांचे १६०. किंवा पाच वडापावांचे १००, पाच चहांचे ६०, मिळून १६०. ५ × (२० + १२) = ५ × २० + ५ × १२. बाहेरचा आकडा कंसातल्या प्रत्येकाला मिळाला पाहिजे. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ५ × २० + १२ = ११२. या हिशेबात वडापाव पाचही जणांना मिळाला, पण चहा एकालाच. बीजगणितात ५(क + ख) चं ५क + ख लिहिणाऱ्या पोरांना मी ‘बाकीच्या चौघांचा चहा कुठे गेला?’ एवढंच विचारतो.

आता हे तोंडी हिशेबात कसं वापरायचं ते पाहू. २३ × ७: वीस साते १४०, तीन साते २१, उत्तर १६१. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता. भाषेचा वाद बाजूला ठेवू, पण गुणताना तेवीसचे वीस आणि तीन व्हायला लागतात हे खरंच आहे.

फोडताना नेहमी बेरजेतच फोडायला हवं असं नाही. ४९९ ची तीन टी-शर्टं: ५०० च्या हिशेबाने १५००, त्यातून ३ गेले, १४९७. ९८ × ६ म्हणजे ६०० − १२ = ५८८. गोल आकडा जवळ असेल तर पुढे जाऊन मागे या.

बाजारात आपण हे रोज करतो. ८० रुपये किलोने दीड किलो: ८० आणि ४०, १२०. ६० ने अडीच किलो: १२० आणि ३०, १५०. १२० ने पावणेदोन किलो: २४० मधून पावाचे ३० गेले, २१०. जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असायचे. आजी-आजोबांच्या पिढीने ते घोकून पाठ केले. आपल्याला घोकायची गरज नाही, फोडता आलं की बस.

टक्केवारीत तर हा गुणधर्म सोन्यासारखा आहे. ६५० चे १८ टक्के हवेत. १८ म्हणजे १० + १० − २. दहा टक्के ६५, पुन्हा ६५, दोन टक्के १३. १३० − १३ = ११७. १५ टक्के म्हणजे दहा टक्के आणि त्याचं निम्मं.

उभ्या मांडणीतला गुणाकार म्हणजे सुद्धा वितरणच. ४६ × २३ करताना आधी ४६ × ३ = १३८ लिहितो. मग दुसऱ्या ओळीत एककाच्या घराखाली शून्य किंवा फुली मारतो आणि ४६ × २ = ९२ लिहितो. ती फुली कशासाठी, हे विचारलं तर ‘बाईंनी सांगितलं होतं’ यापलीकडे उत्तर येत नाही. तो दोन नाही, वीस आहे. ओळ ९२ ची नाही, ९२० ची आहे. १३८ + ९२० = १०५८. फुली विसरणाऱ्या मुलाला सुरुवातीला काही दिवस २३ ऐवजी ‘२० + ३’ असं लिहूनच गुणाकार करायला लावा. चूक आपोआप जाते.

हे सगळं नवं नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणा असं उदाहरण आहे, आणि ते सोडवायच्या एकाहून जास्त रीती आहेत. बाराचे ८ + ४ करा: १०८० + ५४० = १६२०. बाराचे ४ × ३ करा: १३५ × ४ = ५४०, त्याची तिप्पट १६२०. बारात ८ मिळवून २० ने गुणा आणि आठपट वजा करा: २७०० − १०८० = १६२०. पहिली आणि तिसरी रीत वितरणाची, मधली साहचर्याची. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ उभारला, त्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे. १२ सारख्या साध्या आकड्याला इतक्या बाजूंनी धरून बघणं हा सराव आजही उत्तम आहे. रोज एक गुणाकार घ्या आणि तो तीन तऱ्हांनी करा. तिन्ही उत्तरं जुळली की तपासणीही आपोआप होते.

आता उलटा प्रवास. १७ × ८ + १७ × २ असं दिसलं की दोन गुणाकार करत बसू नका. सतरा दोन्हीकडे आहे, तो बाहेर काढा: १७ × १० = १७०. ६४ × ३७ + ३६ × ३७ म्हणजे १०० × ३७. स्पर्धा परीक्षेत असे प्रश्न मुद्दाम घालतात. ज्याला सामाईक आकडा दिसतो तो दहा सेकंदांत पुढे जातो, ज्याला दिसत नाही तो पान भरवतो.

वितरण कुठे चालत नाही? गुणाकार बेरजेवर वाटला जातो, बेरीज गुणाकारावर नाही. २ + (३ × ४) = १४, पण (२ + ३) × (२ + ४) = ३०. भागाकारात डावी बाजू फोडता येते: (६० + २४) ÷ १२ = ५ + २ = ७. उजवी फोडता येत नाही: ६० ÷ (१२ + ३) म्हणजे ६० ÷ १५ = ४; तुकडे केलेत तर ५ + २० = २५ होतात. साठ लाडू पंधरा जणांत वाटायचे तर सगळ्यांना एकदम बसवावं लागतं. आधी बारा जणांत साठ वाटून मग उरलेल्या तिघांना पुन्हा साठ कुठून आणणार? वर्गाचंही असंच. १३ चा वर्ग १०० + ९ नव्हे. (१० + ३) × (१० + ३) मध्ये प्रत्येकाने प्रत्येकाला भेटायचं असतं: १०० + ३० + ३० + ९ = १६९. नववी-दहावीत सर्वाधिक गुण खाणारी चूक कुठली असं मला विचारलंत तर ही.

पायरी ४: शून्य आणि एक

मिळवून काही बदलत नाही तो शून्य; गुणून काही बदलत नाही तो एक. यांना अविकारक म्हणतात. याउप्पर पाठ करण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र समजून घ्या: कुठलीही संख्या गुणिले शून्य हे शून्यच का? ७ × (५ + ०) म्हणजे ७ × ५, पस्तीस. वितरणाने तेच ३५ + ७ × ०. दोन्ही सारखे राहायचे तर ७ × ० ला शून्याशिवाय पर्याय नाही. म्हणून १७ × २३ × ० × ४५ दिसलं की पेन उचलायचं नाही.

शून्याने भागायचं का नाही, तेही यातूनच कळतं. ८ ÷ ० म्हणजे ‘शून्याला कितीने गुणलं की आठ येतील?’ कितीनेही नाही. आणि ० ÷ ० विचारलं तर कुठलीही संख्या चालते, मग एक उत्तर ठरवणार कसं? ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्याचे नियम लिहिले तेव्हा ० ÷ ० ला शून्य म्हटलं होतं. आज ते मानत नाहीत.

पायरी ५: उलट संख्या, आणि उणे गुणिले उणे

५ ची विरुद्ध संख्या −५, बेरीज शून्य. ५ चा गुणाकार व्यस्त १/५, गुणाकार एक. शून्याला गुणाकार व्यस्त नाही. भागाकार अडला की व्यस्ताने गुणा, एवढा याचा रोजचा उपयोग: १२ ÷ (३/४) म्हणजे १२ × (४/३) = १६.

पण उणे गुणिले उणे अधिक कसं, याचं उत्तर इथे मिळतं आणि ते घेऊनच पुढे जा. −३ × (४ + (−४)) हा शून्याशी गुणाकार, म्हणजे शून्य. वाटून लिहिलं तर −१२ + (−३ × −४). ही बेरीज शून्य व्हायची असेल तर दुसरा तुकडा +१२ च हवा. कुणी नियम लादला म्हणून ते अधिक होत नाही. वितरण मोडायचं नसेल तर दुसरा मार्गच उरत नाही.

संवृत्तता नावाचा आणखी एक गुणधर्म पुस्तकात असतो: दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज किंवा गुणाकार नैसर्गिकच येतो, पण ३ − ५ किंवा ३ ÷ ५ त्या घराबाहेर जातात. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

पायरी ६: थोडा सराव, मग तपासणी

पाच प्रश्न. उत्तराबरोबर कुठली परवानगी वापरली तेही लिहा. ८ × ४३ × १२५; २९७ + ४५६ + ३; ५६ × ९९ + ५६; ७०० − (२५० − ५०); ४४ × २५. उत्तरं क्रमाने ४३०००, ७५६, ५६००, ५००, ११००. तिसऱ्यात शेवटच्या ५६ पुढे न लिहिलेला ‘× १’ दिसला असेल तर वितरण तुमच्या हातात आलं.

तपासणीची साधी रीत: बेरीज वरून खाली केली असेल तर पुन्हा खालून वर करा. तीच बेरीज त्याच क्रमाने दुसऱ्यांदा केली की डोळा तीच चूक पुन्हा करतो. क्रम बदलला की जोड्या बदलतात आणि चूक उघडी पडते.

गुणाकारासाठी नऊची तपासणी. आकड्यातले अंक मिळवत जा, एक अंक उरेपर्यंत. ४६ चे १०, मग १. २३ चे ५. १ × ५ = ५. उत्तर १०५८, त्याचे १४, मग ५. जुळलं. हे चालतं कारण १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १. नऊचे गठ्ठे वितरणाने बाजूला काढले की प्रत्येक अंकाच्या नावावर तो स्वतःच उरतो.

मात्र ही तपासणी काही चुकांना आंधळी आहे. १०५८ ऐवजी घाईत १०८५ लिहिलंत तर अंकांची बेरीज तीच, कारण बेरजेला क्रम कळत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर किंवा ऑफिसात हिशेब लिहिताना नेहमी होणारी एक चूक नेमकी हीच असते, शेजारचे दोन अंक उलटे पडण्याची. पण ती मागे खूण ठेवते. १०८५ − १०५८ = २७; ७२ ऐवजी २७ लिहिले तर ४५; ६१० ऐवजी १६० तर ४५०. अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने भाग जातोच. त्यामुळे संध्याकाळी रोजमेळ जुळत नसेल तर सगळी पानं पुन्हा मिळवायच्या आधी फरक नऊने भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर बेरीज सोडा आणि आधी उलटा लिहिलेला आकडा शोधा. भाग गेला नाही तर चूक दुसरीच आहे, एखादी नोंद राहिली किंवा दोनदा पडली असेल.